लागू पडलेली गोळी पुढे का चालेनाशी होते?

फुप्फुसाच्या कॅन्सरवरची टार्गेटेड गोळी एखाद्याला लागू पडली की फरक डोळ्यांना दिसण्याइतका झटपट पडतो. धाप आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होते, खोकला बसतो आणि दोन-तीन महिन्यांनी काढलेल्या स्कॅनमध्ये गाठ बरीच आक्रसलेली असते. केमोथेरपीच्या मानाने त्रासही सोसण्यासारखा असतो: अंगावर पुरळ, जुलाब, नखांच्या कडा दुखणं. माणूस कामावर जायला लागतो. मग कुणाला नऊ-दहा महिन्यांनी, कुणाला दोन-तीन वर्षांनी रिपोर्ट येतो की गाठ पुन्हा वाढतेय. गोळी तीच, डोस तोच, एकही दिवस चुकलेला नाही.

अशा वेळी घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'शरीराला गोळीची सवय झाली.' दुसरी शंका सहसा मोठ्याने बोलली जात नाही, पण रुग्णाच्या मनात घर करून बसते: पथ्यात काही चुकलं का, एखाद्या दिवशी गोळी उशिरा घेतली त्याचा तर हा परिणाम नाही? सवयीची गोष्ट चुकीची आहे आणि दुसऱ्या शंकेलाही जवळजवळ कधीच आधार नसतो. शरीर होतं तसंच असतं. बदललेली असते ती गाठीतल्या पेशींची वस्ती. ती कशी बदलते हे कळलं, की डॉक्टर पुन्हा बायोप्सी का मागतात आणि एकच आजार असलेल्या दोघांना दोन वेगळी औषधं का लिहून देतात, हेही कळतं.

गोळी काय करते

पेशीच्या आवरणात ईजीएफआर नावाचं एक प्रथिन रोवलेलं असतं. त्याचं एक टोक पेशीबाहेर, दुसरं आत. बाहेरून वाढीचा संदेश देणारा रेणू येऊन चिकटला की आतलं टोक कामाला लागतं. त्या टोकात एक खोलगट कप्पा आहे. तिथे एटीपी हा रेणू येऊन बसतो आणि आपला एक फॉस्फेट देऊन जातो. तो फॉस्फेट ईजीएफआरच्या शेपटीवर चढला की पुढची प्रथिनं त्याला येऊन जोडली जातात. मग 'वाढ, दोन हो, मरू नकोस' हा निरोप दोन-तीन मार्गांनी पेशीच्या आत केंद्रकापर्यंत पोचतो. निरोगी पेशीत बाहेरचा रेणू निघून गेला की हे सगळं थांबतं.

काही रुग्णांच्या गाठीत ईजीएफआरच्या जनुकातच बिघाड झालेला असतो. अशा बिघाडांपैकी जवळजवळ नव्वद टक्के दोनच प्रकारचे आहेत: एक्झॉन १९ या जनुकाच्या भागातला छोटासा तुकडा गळालेला असतो किंवा प्रथिनातल्या ८५८ व्या जागेवरचं अमिनो आम्ल बदललेलं असतं. रिपोर्टवर हा दुसरा प्रकार 'एल८५८आर' असा लिहिलेला दिसतो. बिघडलेलं प्रथिन बाहेरचा निरोप आला नाही तरी काम करतच राहतं. हळूहळू ती पेशी या एकाच निरोपावर इतकी विसंबून राहते की तो तोडला तर ती जगूच शकत नाही. टार्गेटेड औषधाचा सगळा डाव याच परावलंबनावर उभा आहे. औषधाचा रेणू एटीपीच्या कप्प्यात जाऊन बसतो, एटीपीला जागा मिळत नाही, निरोप तुटतो आणि पेशी मरते.

या गटातलं पहिलं औषध, जेफिटिनिब, जपानमध्ये २००२ मध्ये आणि अमेरिकेत २००३ मध्ये मंजूर झालं, तेव्हा ते कुणाला चालेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. थोड्या रुग्णांची गाठ विरघळल्यासारखी नाहीशी व्हायची, बाकीच्यांना काडीचा फरक पडत नसे. कधीही सिगारेट न ओढलेल्यांत, स्त्रियांत आणि पूर्व आशियाई रुग्णांत ते जास्त चालतं एवढंच दिसत होतं. २००४ मध्ये बॉस्टनमधल्या दोन संशोधक गटांनी कारण शोधून काढलं: ज्यांच्या गाठीत ईजीएफआरचं म्यूटेशन, म्हणजे वर सांगितलेला जनुकातला बिघाड होता, मुख्यतः त्यांनाच ते लागू पडत होतं. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, लागू पडलेलं औषध नंतर का चालत नाही याचा पहिला धागा हाती आला.

एका अक्षराचा फरक

गाठ पुन्हा वाढलेल्या रुग्णांची नव्याने बायोप्सी केली तेव्हा मूळ म्यूटेशन होतं तिथेच होतं. पण त्याच जनुकात आणखी एक बदल सापडला. ७९० व्या जागेसाठी डीएनएत 'एसीजी' अशी तीन अक्षरं असतात आणि त्यावरून थ्रिओनिन हे अमिनो आम्ल जोडलं जातं. मधल्या 'सी'च्या जागी 'टी' आला की 'एटीजी' होतं आणि थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन जोडलं जातं. बदल एवढाच. याचं नाव टी७९०एम. जेफिटिनिब किंवा त्याच गटातलं अर्लोटिनिब घेतल्यानंतर आजार वाढलेल्या रुग्णांपैकी निम्म्या किंवा त्याहून थोड्या जास्त जणांत हाच बदल सापडतो.

सुरुवातीला वाटलं, मेथिओनिन आकाराने मोठं आहे, ते कप्प्याच्या आतल्या बाजूला आडवं येतं आणि औषधाला शिरता येत नाही. स्पष्टीकरण पटण्यासारखं होतं, पण अर्धंच बरोबर निघालं. २००८ मध्ये दिसलं की औषध अजूनही कप्प्यात बसतं, आणि बऱ्यापैकी घट्ट बसतं. मात्र या बदलामुळे एटीपीची कप्प्यावरची पकड कितीतरी वाढलेली असते. पेशीत एटीपी मुबलक असतो, त्यामुळे जागेच्या चढाओढीत औषध हरतं. हा फरक केवळ विद्वानांच्या वादापुरता नव्हता. औषध शिरतच नसेल तर त्याचा आकार बदलायला हवा. ते शिरतं पण टिकत नसेल, तर एकदा बसल्यावर न उठणारं औषध हवं. पुढचं औषध या दुसऱ्या वाटेने आलं. त्याच्याकडे येऊच, पण हे एक अक्षर बदलतं कधी, हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

बदल आधीचा की नंतरचा?

एक घन सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण द्राक्षाएवढ्या गाठीत दहा कोटी ते शंभर कोटी पेशी असतात. निदान होतं तेव्हा बहुतेकांची गाठ याहून बरीच मोठी असते. प्रत्येक पेशी दोन होताना डीएनएच्या सुमारे सहाशे कोटी अक्षरांची नक्कल होते. ही नक्कल कमालीची अचूक असते, तरी दर वेळी मोजक्या चुका राहूनच जातात. एखाद्या ठरावीक अक्षरातच चूक होण्याची शक्यता नगण्य आहे, पण पेशी कोट्यवधी असल्या तर त्यांतल्या निदान एखाद-दुसरीत ती होऊन गेलेली असणं जवळपास ठरलेलंच. म्हणजे रुग्णाने पहिली गोळी तोंडात टाकली त्या दिवशीच टी७९०एम असलेल्या थोड्या पेशी गाठीत बसलेल्या असू शकतात. तेव्हा त्यांना त्या बदलाचा काही फायदा नव्हता. इतरांसारख्याच त्या एक.

शेतात एकच तणनाशक हंगामामागून हंगाम मारत राहिलं की होतं तेच इथे होतं. तणनाशकाने तण चिवट होत नाही. जे थोडं तण आधीपासून चिवट होतं तेवढंच उरतं, त्याचंच बी पडतं आणि काही वर्षांनी सगळं रान त्याचंच होतं. गोळीमुळे कोट्यवधी पेशी मेल्या, जागा मोकळी झाली आणि ज्या मूठभर पेशींना गोळीने काही होत नव्हतं त्या वाढत राहिल्या. स्कॅनमध्ये दिसण्याइतक्या होईपर्यंत महिने जातात. मधल्या काळात रिपोर्ट 'उत्तम' येत असतो.

ही कल्पना कॅन्सरच्या संशोधनात जन्मली नाही, जीवाणूंच्या अभ्यासातून आली. १९४३ मध्ये साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी पुष्कळ वेगवेगळ्या नळ्यांत जीवाणू वाढवले आणि मग सगळ्यांवर जीवाणू मारणारा विषाणू सोडला. प्रतिकार विषाणूच्या संपर्कामुळे तयार होत असता, तर प्रत्येक नळीतून साधारण सारखेच जीवाणू वाचायला हवे होते. तसं झालं नाही. बऱ्याच नळ्यांत एकही वाचला नाही आणि मोजक्या नळ्यांत भरमसाट वाचले. याचा अर्थ एकच: बदल विषाणू येण्याआधीच योगायोगाने झाला होता. ज्या नळीत तो लवकर झाला तिथे त्या जीवाणूची वंशावळ मोठी झालेली होती. इतक्या साध्या प्रयोगातून एवढं मोठं उत्तर निघाल्याची उदाहरणं विज्ञानात फार नाहीत. दोघांनाही १९६९ चं नोबेल मिळालं. हाच हिशेब जेम्स गोल्डी आणि अँड्र्यू कोल्डमन यांनी १९७९ मध्ये कॅन्सरच्या औषधांना लावला.

तर उत्तर मिळालं, बदल आधीचाच. पण गोष्ट इथे संपत नाही.

२०१० मध्ये जेफ्री सेटलमन यांच्या प्रयोगशाळेने ईजीएफआर म्यूटेशन असलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरपेशींवर नेहमी लागतो त्याच्या शंभरपट डोस सोडला. बहुतेक पेशी काही दिवसांत मेल्या. हजारातल्या तीनेक मात्र जिवंत राहिल्या. त्यांच्यात टी७९०एम नव्हतं. प्रतिकार देणारा कुठलाच बदल त्यांच्या डीएनएत सापडला नाही. त्या जवळपास स्तब्ध होऊन बसल्या होत्या, विभाजन थांबलेलं. औषध काढून घेतल्यावर त्या पुन्हा वाढू लागल्या आणि त्यांच्यातून वाढलेल्या पेशी त्याच औषधाने पूर्वीसारख्याच मेल्या. म्हणजे डीएनएतली अक्षरं बदललेली नव्हती, त्यांतली कुठली वाचायची आणि कुठली झाकून ठेवायची ही व्यवस्था तात्पुरती बदलली होती. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा बदलून पेशीने तग धरला होता. या पेशींना संशोधक पर्सिस्टर म्हणतात. मराठीत तग धरणाऱ्या पेशी म्हणू.

स्कॅनमध्ये गाठ लहान होऊन एका आकारावर थांबते, पूर्ण जात नाही, तेव्हा तिथे बहुधा याच पेशी असतात. आणि त्या नुसत्या पडून राहत नाहीत. २०१६ मध्ये एरन हाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की टी७९०एम दोन्ही वाटांनी येतं. काही पेशींत ते आधीपासून असतं आणि त्या लवकर वर येतात. काही पेशी आधी तग धरतात आणि तग धरून असतानाच कधीतरी त्यांच्यात ते घडतं. त्या उशिरा वर येतात. रिपोर्टवर दोन्हींचं नाव एकच, पण दुसऱ्या प्रकारच्या पेशी पुढच्या औषधालाही तितकीशी दाद देत नाहीत. तग धरण्यात मुरलेल्या असल्यामुळे त्या सहज मरत नाहीत.

२०२३ मध्ये आणखी एक पैलू पुढे आला. ही औषधं दिल्यावर पेशीत अपोबेक३ए नावाचं एक विकर (एन्झाइम) वाढतं. विषाणूंच्या जनुकीय अक्षरांत गडबड करणं हे त्याचं मूळ काम, पण इथे ते पेशीच्या स्वतःच्याच डीएनएत चुका पेरतं. म्हणजे औषध केवळ निवड करतं असंही नाही. आडमार्गाने ते नव्या बदलांना हातभारही लावतं. यातला बराच पुरावा प्रयोगशाळेतल्या पेशींवरचा आहे, म्हणून गोळी घ्यायला घाबरण्याचं काही कारण नाही. गोळी न घेतलेली गाठ याहून कितीतरी वेगाने वाढते.

न उठणारं औषध आणि एक अणू

आता ते पुढचं औषध. ओसिमर्टिनिब. अमेरिकेत ते नोव्हेंबर २०१५ मध्ये मंजूर झालं. ईजीएफआरच्या कप्प्याच्या काठाशी, ७९७ व्या जागी, सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं. सिस्टीनच्या टोकाला गंधकाचा एक अणू असतो. ओसिमर्टिनिब कप्प्यात बसतं आणि त्या गंधकाशी कायमचा रासायनिक बंध जोडतं. मग एटीपी कितीही असो, औषध जागचं हलत नाही. शिवाय निरोगी पेशींतल्या साध्या ईजीएफआरला ते फारसं धरत नाही, त्यामुळे पुरळ आणि जुलाबही तुलनेने कमी होतात. पुढे ते पहिल्यापासूनच दिलं जाऊ लागलं. फ्लॉरा नावाच्या मोठ्या चाचणीत जुन्या गोळ्यांवर आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांत आजार त्याआधी वाढतो, निम्म्यांत त्यानंतर) १०.२ महिने होता, ओसिमर्टिनिबवर १८.९ महिने.

पण निवड थांबत नाही. २०१५ मध्येच सी७९७एस सापडलं: सिस्टीन जाऊन त्याजागी सेरीन. या दोन अमिनो आम्लांत फरक किती? एका अणूचा. जिथे गंधक होतं तिथे ऑक्सिजन आला. तेवढ्याने बंध जुळेनासा झाला आणि जगातलं एक उत्तम औषध निकामी झालं.

इथे एक मजेशीर गुंता आहे. जेफिटिनिबला गंधक लागतच नाही. त्यामुळे ज्या पेशीत सी७९७एस आहे पण टी७९०एम नाही, तिच्यावर जुनं जेफिटिनिब पुन्हा चालू शकतं. दोन्ही बदल आहेत पण जनुकाच्या दोन वेगवेगळ्या प्रतींवर आहेत, तर जुनं आणि नवं औषध एकत्र देऊन काम होऊ शकतं. एकाच प्रतीवर असतील तर दोन्ही हात टेकतात, आणि दुर्दैवाने बहुतेक वेळा तसंच आढळतं. त्यासाठीची चौथ्या पिढीची औषधं सध्या चाचण्यांत आहेत.

ओसिमर्टिनिब पहिल्यापासून दिलेल्या रुग्णांत टी७९०एम जवळपास दिसतच नाही. त्याच फ्लॉरा चाचणीतल्या रक्ततपासण्यांत सी७९७एस सुमारे ७ टक्के रुग्णांत मिळालं. त्याच्या दुप्पट, १५ टक्क्यांच्या आसपास, रुग्णांत मेट नावाच्या दुसऱ्याच जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या. तिथे वेगळंच प्रकरण होतं.

कप्पा बंद, पण निरोप चालू

मेट हे ईजीएफआरसारखंच, आवरणात रोवलेलं दुसरं एक प्रथिन. काही पेशींत त्याच्या जनुकाच्या दोनऐवजी दहा-दहा, वीस-वीस प्रती तयार होतात. मेट इतकं माजतं की ते शेजारच्या एचईआर३ या प्रथिनाला हाताशी धरून तोच 'मरू नकोस'चा निरोप पुढे पाठवू लागतं. जेफ्री एंगेलमन आणि सहकाऱ्यांनी हे २००७ मध्ये दाखवलं. गंमत बघा, औषध अजूनही आपलं काम चोख करतंय. ईजीएफआर पूर्ण बंद आहे. फक्त पेशीला आता त्याची गरज उरलेली नाही. असेच वळसे एचईआर२, बीआरएएफ, केआरएएस किंवा आरईटी या दुसऱ्या जनुकांमधल्या बदलांनीही घेतले जातात. अशा वेळी ईजीएफआरवरचं आणखी जालीम औषध शोधून उपयोग नाही. चालू गोळीच्या जोडीला नवी वाट अडवणारं दुसरं औषध लागतं.

पेशींचं रूपच पालटणं हा सगळ्यात चक्रावून टाकणारा प्रकार. थोड्या रुग्णांत, शंभरात तीन ते दहाच्या घरात, अॅडिनोकार्सिनोमाच्या, म्हणजे या रुग्णांत नेहमी असणाऱ्या प्रकारच्या कॅन्सरच्या पेशी बदलून स्मॉल सेल कॅन्सर होतात. हा सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा दिसणारा, वेगळा वागणारा, फार वेगाने पसरणारा प्रकार आहे. मूळ ईजीएफआर म्यूटेशन डीएनएत तसंच असतं, त्यावरूनच कळतं की हा नवा कॅन्सर नाही, जुन्याचाच वंश आहे. पण ते प्रथिन आता पेशी फारसं बनवतच नाही. औषधाला धरायला काही उरलेलंच नसतं. आरबी१ आणि टीपी५३ ही दोन रखवालदार जनुकं आधीच गेलेली असतील तर हा धोका जास्त. उपचारही मग वेगळे, प्लॅटिनम आणि इटोपोसाइडची केमोथेरपी.

हे सगळं ईजीएफआरपुरतंच नाही. २००७ मध्ये जपानमध्ये हिरोयुकी मानो यांच्या गटाला काही गाठींत ईएमएल४ आणि एएलके ही दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडली गेलेली सापडली. त्यावरचं क्रिझोटिनिब २०११ मध्ये आलं आणि त्यालाही पेशींनी वाटा काढल्या. त्यातली एक हकिकत सांगण्यासारखी आहे, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली. एका रुग्ण स्त्रीच्या एएलकेमध्ये बदल होऊन क्रिझोटिनिब चालेनासं झालं. मधले उपचार झाल्यावर तिसऱ्या पिढीचं लोर्लाटिनिब दिलं, ते लागू पडलं. काही महिन्यांनी दुसरा बदल झाला आणि लोर्लाटिनिबही थांबलं. यकृत निकामी होऊ लागलं होतं. पण प्रयोगशाळेत दिसलं की या दुसऱ्या बदलामुळे कप्प्याचा आकार असा झालाय की जुनं क्रिझोटिनिब त्यात पहिल्याहून घट्ट बसतंय. ते पुन्हा सुरू केलं आणि यकृत सावरलं. असं रोज घडत नाही, अपवादच म्हणायचा. पण प्रतिकार असतो तो एका विशिष्ट औषधाला, हे यातून जितकं लख्ख दिसतं तितकं दुसऱ्या कशातून क्वचितच दिसेल.

गाठ पुन्हा वाढल्यावर

इतक्या वाटा असल्यामुळे पुढचं औषध अंदाजाने ठरवता येत नाही. नेमकी कुठली वाट उघडली ते पाहावं लागतं. रक्तातून होणारी लिक्विड बायोप्सी हा सोपा मार्ग. मेलेल्या कॅन्सरपेशींचे डीएनएचे तुकडे रक्तात तरंगत असतात, त्यांत टी७९०एम किंवा सी७९७एस शोधता येतं. अमेरिकेत ईजीएफआरसाठीची अशी चाचणी २०१६ मध्ये मंजूर झाली. पण तिच्या मर्यादा ओळखून असावं. गाठ रक्तात पुरेसा डीएनए सोडत नसेल तर रिपोर्ट कोरा येतो. तो कोरा रिपोर्ट म्हणजे 'बदल नाही' असं नव्हे. मेटच्या वाढलेल्या प्रती रक्तात निसटू शकतात. आणि स्मॉल सेलमध्ये झालेलं रूपांतर रक्तात दिसत नाही, कारण ते पेशीच्या रूपात असतं आणि पेशी बघायला तुकडाच लागतो. म्हणून सुईची भीती वाटत असली तरी डॉक्टर गाठीची बायोप्सी पुन्हा करू म्हणाले तर त्यामागे हे कारण असतं. एवढं करूनही बऱ्याच रुग्णांत ठोस कारण सापडत नाही, हेही खरं.

प्रत्येक वाढ म्हणजे प्रतिकारच असंही धरू नये. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक गाळणी असते आणि जुन्या गोळ्या तिच्यातून पुरेशा पार होत नसत. फक्त मेंदूत गाठ आली असेल तर तिथल्या पेशी बदललेल्या नसतीलही, त्यांच्यापर्यंत औषधच पोचलेलं नसेल. ओसिमर्टिनिब आणि लोर्लाटिनिब मेंदूत बरीच चांगली पोचतात. आणखी एक साधं पण दुर्लक्षिलं जाणारं कारण: ॲसिडिटी कमी करणाऱ्या काही गोळ्यांमुळे जेफिटिनिब आणि अर्लोटिनिब पोटातून नीट शोषलं जात नाही, आणि सिगारेट चालू असेल तर अर्लोटिनिबची रक्तातली पातळी उतरते. दुसऱ्या कुठल्याही गोळ्या चालू असतील तर त्या ऑन्कोलॉजिस्टच्या कानावर घातलेल्या बऱ्या.

गाठ एखाद-दोन ठिकाणीच वाढली असेल आणि बाकी सगळं आटोक्यात असेल, तर बऱ्याचदा तेवढ्या जागी रेडिएशन देतात आणि गोळी तीच चालू ठेवतात. 'चालत नाही ती गोळी कशाला घ्यायची?' असं वाटणं साहजिक आहे. पण वस्ती मिश्र असते. काही पेशी बदलल्या, पुष्कळ पेशी अजून गोळीने दबलेल्या आहेत. गोळी अचानक बंद केली तर या दबलेल्या पेशी उसळतात आणि काही रुग्णांत थोड्याच दिवसांत आजार झपाट्याने वाढतो. त्यामुळे रिपोर्ट वाईट आला म्हणून स्वतःहून गोळी बंद करायची नाही. हे कितीही वेळा सांगितलं तरी जास्त होणार नाही.

आधीच सगळ्या वाटा अडवल्या तर?

बदललेल्या पेशी वर येण्याची वाट बघत बसण्यापेक्षा पहिल्याच दिवशी दोन औषधं द्यावीत, हा विचार गेल्या काही वर्षांत जोर धरतोय. एकाच पेशीत दोन वेगळे योगायोग जुळून येण्याची शक्यता फारच कमी. क्षयरोग आणि एचआयव्हीवर अनेक औषधं एकत्र देतात ती याच हिशेबाने. फ्लॉरा२ या चाचणीत ओसिमर्टिनिबच्या जोडीला पहिल्यापासून केमोथेरपी दिली, तेव्हा आजार रोखून धरण्याचा मध्यक काळ १६.७ वरून २५.५ महिन्यांवर गेला. मारिपोसा चाचणीत अमिव्हँटामॅब हे ईजीएफआर आणि मेट दोघांनाही धरणारं इंजेक्शन लाझर्टिनिब या गोळीबरोबर दिलं. तिथे १६.६ महिन्यांचे २३.७ महिने झाले आणि नंतर गाठ वाढली तेव्हाही मेटची वाट आणि ईजीएफआरमधले नवे बदल एकट्या ओसिमर्टिनिबच्या तुलनेत ठळकपणे कमी दिसले. वाट आधीच अडवली की पेशी तिथून कमी निसटतात, हा तर्क माणसांत खरा ठरला.

एकच औषध, पण कप्प्यातले बहुतेक बदल पचवणारं, हा दुसरा मार्ग. एएलकेच्या रुग्णांना लोर्लाटिनिब पहिल्यापासून दिल्यावर पाच वर्षांनीही ६० टक्के जणांत आजार वाढलेला नव्हता. क्रिझोटिनिबवर हेच प्रमाण ८ टक्के होतं. २०२४ मध्ये हे आकडे आले तेव्हा भल्याभल्यांनी ते दोनदा वाचले असतील.

दोन औषधांची किंमत मात्र रुग्णाच्या अंगावर पडते. दिवसाला एक गोळी घेऊन नेहमीचं आयुष्य जगणाऱ्याला सलाइनसाठी दर काही आठवड्यांनी हॉस्पिटलमध्ये जावं लागतं. केमोथेरपीने रक्तातल्या पेशी उतरतात. अमिव्हँटामॅबमुळे त्वचेचा आणि नखांचा त्रास बराच वाढतो, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही असतो, म्हणून पहिले काही महिने रक्त पातळ करणारं औषध बरोबर देतात. मेंदूत आधीच पसरलेला आजार, एल८५८आर प्रकारचं म्यूटेशन किंवा सोबत टीपी५३चा बिघाड असेल तर गोळी एकटी लवकर थकते, आणि तिथे जोडीच्या उपचाराकडे डॉक्टरांचा कल जास्त असतो. ऐंशीच्या घरातला, तब्येतीने नाजूक रुग्ण असेल तर एकट्या ओसिमर्टिनिबने सुरुवात करणं हाही शहाणपणाचाच निर्णय असतो. गोळी सुरू केल्यावर पहिल्या तीन ते सहा आठवड्यांत रक्तातला कॅन्सरचा डीएनए नाहीसा झाला तर त्या रुग्णांत आजार जास्त काळ दबलेला राहतो असं दिसलं आहे. तेव्हा सगळ्यांना गोळीवरच सुरू करायचं आणि ज्यांच्या रक्तातला हा डीएनए जात नाही त्यांनाच केमोथेरपीची जोड द्यायची, असं जमतं का हे आता चाचण्यांमधून तपासलं जातंय.